हिरव्या खांद्यांचा टोमॅटो

"बोलू नका. नुसतं ऐका," असं म्हणून काकांनी बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश टोमॅटोच्या देठाला टेकवला. ब्रश गुणगुणला. खाली मान घातलेलं पिवळं फूल थरथरलं आणि काकांनी फुलाखाली धरलेल्या चमच्यात हळदीसारखी बारीक धूळ पडली.

"आला," काका म्हणाले आणि पुढच्या फुलाकडे वळले.

नेरळमधल्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या दारात, ते राहायला आले त्यानंतरची ही गोष्ट. मी बालवाडीत शिकवते. शाळा दुपारी सुटते, म्हणून बाकीचा मजला कामाला गेलेला असताना त्यांच्या घरात काय चाललंय ते मला दिसायचं. ब्रशाचा प्रकार पाहून मी हसले. तुम्हीही हसला असता. पण काकांना हसण्याचा राग यायचा नाही, आणि फारसा आनंदही व्हायचा नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं, मी बालवाडीत सांगते तसंच.

"या फुलाचा परागकण उघड्यावर नसतो, बाई. मिठाच्या डबीत मीठ असतं तसा आत कोंडलेला असतो. डबी हलवल्याशिवाय मीठ पडतं का? शेतात वारा हलवतो. भुंगा येतो, फुलाला मिठी मारून गुणगुणतो, त्याने पडतं. इथे सातव्या मजल्यावर, काच लावलेल्या गॅलरीत, ना वारा ना भुंगा. मग मीच भुंगा."

ते देशावरचे. एका बियाण्यांच्या कंपनीत टोमॅटोची नवी वाणं तयार करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. ट्रकमधून दूरच्या शहरात गेला तरी न चेपणारा, जाड सालीचा, सगळीकडून सारखा लाल होणारा टोमॅटो करायचा, हे त्यांचं काम. कंबरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकून बघायचे म्हणे. फुटला नाही तर पास. "चेंडू केले मी आयुष्यभर," ते म्हणायचे. हे सांगताना त्यांच्या आवाजात ना अभिमान असायचा ना पस्तावा. गाडीचा नंबर सांगावा तसं सांगायचे.

निवृत्त झाल्यावर काकूंच्या हट्टाने ते इकडे आले. काकूंचं माहेर खालापूर तालुक्यातलं. त्यांची बोली तिकडची, नवऱ्याबरोबर इतकी वर्षं देशावर काढूनही न पुसलेली. काका बोलायचे शब्द मोजून आणि काकू मात्र दार उघडायच्या आधीच बोलायला लागायच्या. "अगं ये, ये, आमी तुलाच बोलवणार होतो!"

काकूंचा स्वयंपाक नाकावर चालायचा. त्या मीठ चाखून बघत नसत. कढईवर वाकून एक श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाय झालं." माझ्या घरात आमटी उकळत असली की भिंतीपलीकडून ओरडायच्या, "कोकम घातलंस का गं? वास येत नाय मला!" आणि खरोखरच मी घालायचं विसरलेली असायची.

मग कोरोना आला. दोघांनाही ताप आला. दोघंही बरी झाली. पण काकूंचं नाक परत आलं नाही.

पहिले काही महिने त्या थट्टा करायच्या. "ह्यांनी टोमॅटोचा वास घालवला, देवाने माझा. फिट्टंफाट झाली." काका त्यावर हसायचेसुद्धा. डॉक्टर म्हणायचे, येईल हळूहळू. महिने गेले, वर्ष उलटलं. थट्टा बंद झाली. लवंग, कापूर, लिंबाची साल रोज हुंगायला सांगितली होती, ती बशी टेबलावर वाळून गेली. काकू घड्याळ बघून जेवायच्या. जेवायच्या म्हणजे गिळायच्या. "पुठ्ठा चावल्यासारखं लागतं गं," म्हणायच्या. "सकाळचा पुठ्ठा, रातचा पुठ्ठा."

एका दुपारी मी शाळेतून आले. लिफ्टचं दार उघडताच गॅसचा वास नाकात घुसला. काकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत धावले तर काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून शांतपणे मेथी निवडत होत्या. डाळ उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच चालू. मी आधी बटण बंद केलं, मग खालचा रेग्युलेटर, मग सगळ्या खिडक्या उघडल्या. काकू माझ्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं गं? अशी का धावतेस?"

सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. तेवढ्यात काका वाण्याकडून पिशवी घेऊन आले. दारातच थांबले. त्यांना सांगावं लागलं नाही, वास अजून होता. पिशवी ठेवली आणि काकूंच्या शेजारी जमिनीवर बसून मेथी निवडायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून काका स्वयंपाक करायला लागले. काकूंनी शेगडीला हात लावायचा नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही, पण तसं झालं. आणि त्यानंतर काकू ज्या गप्प झाल्या, त्या झाल्याच. त्या खिडकीशी बसून माथेरानच्या डोंगराकडे बघायच्या. मी गेले तर "ये" म्हणायच्या, पुढे काही नाही. जेवणाचं ताट तसंच परत जायला लागलं. गालांची हाडं दिसायला लागली. काका मला एकदा जिन्यात म्हणाले, "वजन उतरतंय तिचं," आणि पुढची पायरी उतरून गेले.

टोमॅटोचं खूळ तेव्हाच सुरू झालं.

"वास नाकाचा, बाई," ते मला म्हणाले, "पण आंबट आणि गोड हे जिभेचं खातं आहे. तिची जीभ शाबूत आहे. बाजारातल्या टोमॅटोत ना आंबट उरलंय ना गोड. मला माहीत आहे, मीच काढलंय. जुना गावठी टोमॅटो मिळाला तर जिभेला कळेल असा."

नेरळ स्टेशनबाहेर ठाकूरवाडीकडच्या बायका पाटीत रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्यातल्या एका मावशींकडे, पावसाळा सरता सरता, काकांना छोटे, चपटे, भोपळ्यासारख्या खाचा असलेले टोमॅटो दिसले. मी बरोबर होते. काकांनी एक उचलला, देठाशी नाक नेलं आणि तसेच उभे राहिले.

"कुठलं बी?" त्यांनी विचारलं.

"बी कसलं, काका? आमच्या बांधावर आपसूक येतात. कोण लावतंय त्यांना!" मावशी म्हणाल्या. "हायब्रीड नाय हाय. आजच खा, उद्याला पाणी होईल."

"पाणी होईल ना? मग सगळे द्या," काका म्हणाले. मावशी माझ्याकडे बघून हसल्या. असं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं.

घरी येऊन त्यांनी टोमॅटो पिळून बिया वाडग्यात काढल्या आणि वाडगा झाकून तसाच ठेवला. दोन-तीन दिवसांत त्यावर फेस आला आणि सगळ्या मजल्यावर आंबूस घाण सुटली. समोरच्यांनी तक्रार केली. मी नाकाला पदर लावून विचारायला गेले. "बियांभोवती तो बुळबुळीत गर असतो ना," काका म्हणाले, "तो बीला उगवू देत नाही. फळात ओल असते, ऊब असते, सगळं असतं. गर नसता तर बी आतल्या आतच उगवलं असतं. तो कुजला पाहिजे, तेव्हाच बी सुटं होतं." त्या वासात काकू मात्र निवांत बसल्या होत्या. "मला विचारू नका," म्हणाल्या. "मला कायच त्रास नाय." किती महिन्यांनी त्या स्वतःहून काही बोलल्या होत्या.

रोपं झाली. दिवाळीच्या सुमारास काकांनी ती मोठ्या कुंड्यांत लावली, अर्ध्या खोडापर्यंत मातीत गाडून. टोमॅटोच्या खोडावर बारीक लव असते, मातीत गेलं की तिथूनही मुळं फुटतात, असं म्हणाले. थंडी पडली आणि फुलं आली. मग ब्रश आला. इमारतीतली मुलं त्यांना "भुंगाकाका" म्हणायला लागली. समोरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा व्हिडिओ टाकला, खाली हसणारे चेहरे. काकांनी तो पाहिला आणि एवढंच म्हणाले, "ब्रश फुलाला लावलेला दिसतोय यात. देठाला लावायचा असतो."

फळं धरली. गोटीएवढी, मग लिंबाएवढी. एके दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून एक फळ दाखवलं. खाली फिकट हिरवं आणि वर देठाभोवती गर्द हिरवं, शाल पांघरल्यासारखं.

"हे हिरवे खांदे," काका म्हणाले. "पूर्वी सगळ्या टोमॅटोंना असायचे. पिकताना तिथला रंग मागे राहतो, फळ ठिपकेदार दिसतं, दुकानदाराला आवडत नाही. म्हणून सगळ्यांनी एकसारखी पिकणारी वाणं निवडली. आम्हीही. खूप उशिरा लोकांच्या लक्षात आलं की पानासारखं त्या खांद्यातही उन्हापासून अन्न तयार होतं. तिथूनच थोडी गोडी यायची." ते फळ त्यांनी तळहातावर तोललं, तोडलं नाही.

फळ मोठं व्हायचं थांबलं तरी हिरवंच राहिलं. काकूसुद्धा आता खिडकी सोडून गॅलरीच्या दारात बसायला लागल्या होत्या. "कधी व्हायचं हो लाल?" त्या विचारायच्या.

"त्याचं त्याला कळतं," हे काकांचं ठरलेलं उत्तर. मला त्यांनी जरा जास्त सांगितलं. आत बी पक्कं होत नाही तोवर फळ रंग धरत नाही. कच्च्या फळाला कुणी खाऊ नये म्हणून ते हिरवं, कडू, पानांत लपलेलं. बी तयार झालं की फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडायला लागतं, आणि तो वायू त्यालाच पिकवतो. जितकं पिकतं तितका वायू वाढतो. हिरवा रंग मोडतो, लाल तयार होतो, आंबटपणा उतरतो, साल सैल होते, वास येतो. "वास शेवटी," ते म्हणाले. "खाणाऱ्याला हाक मारायला." मग काकूंकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते कुंडीतली माती उकरायला लागले.

संक्रांतीनंतर एका सकाळी माझी बेल वाजली. काका दारात होते. हातात बशी, बशीत अर्धा चिरलेला टोमॅटो, मीठ भुरभुरलेला. चेहरा असा की मी आधी घाबरलेच.

"तिला वास आला," ते म्हणाले. "खाल्ला आणि म्हणाली, किती छान वास आलाय."

त्यांनी ती बातमी मजल्यावरच्या प्रत्येक दारात दिली. तक्रार करणाऱ्या समोरच्यांनाही एक फोड दिली.

त्यानंतर काकू रोज भाकरीबरोबर एक टोमॅटो खायला लागल्या. स्वयंपाकघरातही परत आल्या. शेगडीला हात लावत नसत, पण स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या. मोहरी तडतडल्याचा आवाज ऐकून सांगायच्या, "आता घाला कांदा. ऐकू येत नाय का तुमाला?" काका निमूटपणे घालायचे. भिंतीपलीकडून पुन्हा भांडण ऐकू यायला लागलं. मला बरं वाटायचं.

उन्हाळा लागता लागता काकू गेल्या. दुपारी जेवल्या, जरा पडते म्हणाल्या, उठल्या नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. त्यांची मुलगी बंगळुरूहून रात्री पोचली. काका आलेल्या प्रत्येकाला पाणी देत होते. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांच्या लक्षात होतं. माझ्या शाळेला दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती, हेही त्यांच्या लक्षात होतं. "उद्या तुमची शाळा बुडणार, बाई," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात नातेवाईक बसलेले असताना गॅलरीतून ब्रशाची गुणगुण ऐकू आली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. समोरच्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "माणूस आहे की कोण हा?" मुलगी उठून गॅलरीत गेली.

"बाबा, आज नको ना," ती म्हणाली.

"फूल दोन दिवस उघडं असतं गं," काका म्हणाले. "मग गळतं." आणि त्यांनी उरलेली फुलं पूर्ण केली. मुलगी रडत आत आली. काका कोरडे होते. आठवडाभर, महिनाभर कोरडेच राहिले. मुलगी परत गेली. मी त्यांना रात्रीचा डबा द्यायला लागले. एकदा आमच्याकडेच जेवायला बसवलं. त्यांनी वरण दोनदा मागून घेतलं, "छान झालंय" म्हणाले, हात धुऊन गेले. मग मी जेवायला बसले तेव्हा कळलं, वरणात मीठच नव्हतं.

टोमॅटो पिकत होते. ते स्वतः खात नव्हते, पिशवी भरून माझ्या दाराला अडकवून जायचे. उन्हाचा ताप वाढला तशी फळं लाल व्हायची सोडून नारिंगीच राहायला लागली. "फार गरम झालं की लाल रंग तयार होत नाही," म्हणाले. एवढंच.

एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. ते काकूंच्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. मी न विचारताच ते बोलायला लागले.

"तिला वास आला नव्हता, बाई."

मी कप खाली ठेवला.

"त्या सकाळी मी शेगडीवर दूध ठेवलं होतं. टोमॅटो कापायच्या नादात विसरलो. तिने फोड तोंडात घातली तेव्हा दूध करपत होतं. सगळ्या घरात वास. आणि ती डोळे मिटून म्हणते, किती छान वास आलाय. मी आत जाऊन गॅस बंद केला, पातेलं भिजत घातलं, बाहेर आलो आणि म्हटलं, आला ना? मी म्हटलंच होतं." ते थांबले. "मग तुमच्याकडे बशी घेऊन आलो. तिला खरं वाटावं म्हणून सगळ्यांच्या दारात गेलो. मी तिला फसवलं की काय, तेवढं मला समजत नाही."

काकूंनी मला हे सांगितलं होतं. त्याच आठवड्यात, काका खाली गेलेले असताना. ह्यांना सांगू नको, असं बजावलंही होतं. पण त्या आता नव्हत्या, आणि हा माणूस माझ्यासमोर असा बसला होता. मी सांगितलं.

"काका, त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"वास आला नाही हे तुम्हाला कळलंय, ते. मला म्हणाल्या होत्या, 'दूध करपलं असणार. ह्यांनी आत जाऊन गॅसचं बटण बंद केलं, तो कट्ट आवाज आला मला. माझं नाक गेलंय, कान नाय गेले. बाहेर येऊन माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, आला ना! मग मीपण म्हटलं, आला.' आणि हसत होत्या, काका. खूप हसत होत्या. म्हणाल्या, 'आंबट खरंच लागलं गं, आंबटढाण. पण नुसतं आंबट म्हटलं असतं तर ह्यांचं तोंड उतरलं असतं.'"

काका खुर्चीत पुढे सरकले.

"आंबट लागलं म्हणाली?"

"हो."

"नक्की असंच म्हणाली?"

"आंबटढाण म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. रडले नाहीत. कपातल्या चहावर साय धरली ती बोटाने बाजूला केली आणि थंड चहा पिऊन टाकला. "बरं झालं," म्हणाले. मला वाटलं, आता काहीतरी सुटेल, बांध फुटेल. तसं काही झालं नाही. पण त्या रात्रीच्या आमटीत मीठ जास्त झालंय, असं त्यांनी डबा परत देताना सांगितलं.

आता ते बंगळुरूला मुलीकडे असतात. कधीमधी फोन करते. बोलणं थोडकं. काय करताय विचारलं तर "बसलोय" म्हणतात. तिथे गॅलरी मोठी आहे, हवा थंड आहे, टोमॅटो छान होतील, असं मुलगी त्यांना सांगून थकली. त्यांनी एकही रोप लावलेलं नाही. मुलीला वाटतं ते खचलेत. मला तसं नक्की सांगता येत नाही. आनंदात आहेत असंही नाही.

जायच्या दिवशी त्यांनी गॅलरीतली झाडं स्वतः उपटली. पाऊस तोंडावर आला होता, आणि आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत कुंडीतला टोमॅटो तगत नाही, बुरशी धरतो. मुलीने माणूस बोलावते म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. एकेक झाड मुळासकट काढून, हलक्या हाताने मुरगळून पोत्यात भरलं. मग ते हात धुवायला माझ्याकडे आले, कारण त्यांच्याकडचं पाणी बंद केलं होतं.

हात काळपट हिरवे झाले होते, बोटांच्या घड्यांत डांबरासारखं काहीतरी चिकटलेलं. टोमॅटोच्या लवेतून निघतं ते. साबण लावला तर फेस पिवळा-हिरवा झाला, पण हात तसेच. मी घासणी पुढे केली.

"नाही निघायचं त्याने. टोमॅटो आहे का घरात?"

फ्रिजमध्ये बाजारातला एक होता, लालभडक, टणक, सगळीकडून सारखा. सुरीने कापून दिला. काकांनी अर्धी फोड घेतली आणि तळहातावर, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांवर सावकाश चोळत राहिले. आंबटाने ती हिरवी चिकटी सुटत गेली. बेसिनमध्ये बिया आणि हिरवं पाणी वाहत होतं. खाली मुलगी गाडीचा हॉर्न वाजवत होती. त्यांनी उरलेली अर्धी फोडही वापरली, मग नळाखाली हात धरले आणि उलटसुलट करून पाहिले.

"निघालं," ते म्हणाले.

मी दिलेल्या टॉवेलने एकेक बोट पुसून त्यांनी टॉवेल नीट घडी करून परत दिला, चप्पल घातली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली गेले.